पर्यावरणवाली पोरं आणि आपण

मोर्चा ठरला की आपण तालुक्यातालुक्याला परिपत्रक पाठवतो. किती वाजता जमायचे, घोषणा कोणत्या, निवेदन कोणाला द्यायचे, वर्तमानपत्रांना काय कळवायचे, भाकरी बांधून आणायची की नाही. असल्याच एका परिपत्रकापायी 13 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्ली पोलिसांनी बंगळूरच्या 22 वर्षांच्या दिशा रवीला घरातून उचलून नेले. कलम लावले राजद्रोहाचे. परिपत्रकाचे नाव 'टूलकिट' आणि विषय दिल्लीच्या वेशीवर थंडीत बसलेल्या शेतकऱ्यांना पाठिंबा. त्यातल्या दोन ओळी आपण दुरुस्त केल्या, एवढेच तिने कोर्टात कबूल केले. ते स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्गपर्यंत पोचवले, असा आरोप होता. त्याच प्रकरणात आपल्या बीडचा एक इंजिनिअर पोरगा आणि मुंबईची एक वकील मुलगी यांना अटक टाळण्यासाठी हायकोर्टात धाव घ्यावी लागली.

दहा दिवसांनी, 23 फेब्रुवारीला दिशाला जामीन मिळाला. सरकारच्या धोरणाशी मतभेद आहे म्हणून नागरिकाला तुरुंगात टाकता येत नाही, सरकारचा अहंकार दुखावला म्हणून राजद्रोह होत नाही, अशा अर्थाचे न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिले. आपल्यापैकी ज्यांनी रास्ता रोकोत लाठ्या खाल्ल्या, त्यांनी ते निकालपत्र मिळवून वाचावे.

हे आता उगाळण्याचे कारण आहे. कॉलेजातली पर्यावरणवाली पोरं आपल्या बैठकीत बोलायला वेळ मागतात, आणि आपल्यात कुजबुज सुरू होते. "यांना वावर कुठे आणि धुरा कुठे हे तरी ठाऊक आहे का?" ही कुजबुज आम्ही खोटी म्हणणार नाही. दिल्लीची हवा बिघडली तेव्हा ऑक्टोबर 2020 च्या वटहुकमात पाच वर्षे कैद आणि एक कोटी दंड अशी शिक्षा लिहिली गेली, तिच्या कचाट्यात काडी पेटवणारा शेतकरीही आला. एक कोटी! ज्याची सगळी जमीन विकूनही तेवढे व्हायचे नाहीत, त्याला. 2021 च्या कायद्यात शेतकऱ्याला त्या शिक्षेतून वगळले, पण त्यासाठी त्याला रस्त्यावर बसावे लागले. बियाण्याचेही तेच. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेली तणनाशक सोसणारी सरकी उघडपणे पेरली. निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून पेरली. तेव्हा शहरातल्या पर्यावरणवाल्यांनी त्यांनाच गुन्हेगार ठरवले. हा वाद मिटलेला नाही आणि मिटवल्याचे नाटक आम्ही करणार नाही. दिशा रवी तर दूधदुभतेही वर्ज्य मानणाऱ्यांपैकी. आपल्या घरच्या म्हशीशी तिचे जमायचे नाही!

त्या तीन कायद्यांवरही आपल्यात एकमत नव्हते. बाजार खुला होतो म्हणून काहींना ते हवे होते, काहींना नको होते. नोव्हेंबर 2021 मध्ये ते मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हा याच जिल्ह्यात कोणी पेढे वाटले, कोणी हळहळले. पण कायदा बरा की वाईट हा एक प्रश्न, आणि शेतकऱ्याची बाजू घेतली म्हणून पोरीला कोठडीत टाकावे का हा दुसरा. दोन्हींची सरमिसळ आपल्या बैठकीतच होते, याचे आम्हाला वाईट वाटते.

ही मुलगी या कामात आली कशी? तिचे आजीआजोबा शेतकरी. पाण्यावाचून त्यांचे झालेले हाल तिने लहानपणी पाहिले. हा हवामानाचा प्रश्न आहे हे तिला फार उशिरा कळले, कारण शाळेत कोणी शिकवले नव्हते. तुमच्या घरातल्या पोरांना तरी कोणी शिकवले आहे? आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा सरासरी पाऊस पाठ करून परीक्षा दिली. सरासरीने कोणाचे वावर पिकत नाही. सरासरी भरते, पण पेरणीनंतर वीस दिवसांचा खंड पडून सरकी मरते, आणि बोंड फुटायच्या वेळी धो धो कोसळून कापूस काळा पडतो, उभ्या ज्वारीचे कणीस बुरशीने जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट कोणाला आठवत नाही? हवा बिघडवणाऱ्या वायूचा हिशेब पाहा. अमेरिकेतला माणूस वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपल्या देशातला सरासरी 2. त्या दोनातही मोठा वाटा वीज, सिमेंट, पोलाद, मोटारींचा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातले काय येते? दुबार पेरणीचे बिल मात्र त्याच्याच नावावर फाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात आलीच नाही. मार्च 2020 मध्ये केंद्राने प्रकल्पांच्या पर्यावरण परिणामांबाबत नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. खाण, कारखाना, धरण येण्याआधी गावकऱ्यांची जी जनसुनावणी होते, तिच्या नोटिशीची मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणायचे त्यात होते. वणी, चंद्रपूरकडच्या ज्यांची जमीन कोळशाखाली गेली त्यांना विचारा, दहा दिवस म्हणजे काय. इंग्रजी कागद मराठीत समजून घ्यायलाच ते पुरत नाहीत. त्या वेळी आपण कुठे होतो? पेरणीत. आणि दिशा ज्यात होती ती 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' नावाची पोरं मंत्र्यांना ई-मेल धाडत होती. त्यांची वेबसाइट बंद पाडली गेली, दहशतवादविरोधी कायद्याची नोटीस निघाली, आणि ती चुकून निघाली म्हणून मागे घेतली गेली. आपल्या जनसुनावणीसाठी ती पोरं भांडली आणि आपल्याला पत्ता नव्हता. त्यांनीही आपल्याला कळवले नाही, हा त्यांचा दोष. मराठीत त्यांचा एक कागद आपल्या हाती आला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की येत्या जिल्हा बैठकीत या पोरांना अर्धा तास द्यावा, आणि पुढचा अर्धा तास आपण त्यांना प्रश्न विचारावेत. एक क्विंटल कापूस पिकवायला खर्च किती येतो, हे पहिले विचारा. निंदणाची मजुरी विचारा. कमी पाण्याची ज्वारी लावा म्हणून सांगतील, तर भाव कोण देणार तेही विचारा. उत्तर येत नसेल तर हसू नका, वावरात घेऊन जा. आणि बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या दोन खरिपांच्या पेरणीच्या तारखा, पावसाचे खंड आणि दुबार पेरणीचा खर्च वहीच्या पानावर लिहून आणावा. तीच पाने त्यांच्या हाती द्यायची आहेत.