धाव्यानंतरचं वेळापूर

आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते, तेव्हा उतारावरून वारकरी पंढरीच्या ओढीनं धावत सुटतात. हाच तो ‘धावा’. हल्ली तो टिपायला कॅमेरेवालेही जमतात. खुशाल जमावं, पण वारकऱ्यांची वाट अडवून नव्हे! पालखी पुढे निघाली की ही पाहुणेमंडळीही पांगतात आणि गावातलं यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचं मंदिर बघायचं राहूनच जातं. तिथं शिव-पार्वती एका देहात नाहीत, शेजारीशेजारी उभी आहेत, अगदी जोडीनं. रामचंद्रदेव यादवाच्या काळातले शिलालेखही आहेत, तेही मराठीत. पंढरपूरला गाडीनं जाणाऱ्यांनो, इथं तासभर थांबा. फक्त कोरलेल्या अक्षरांना तेल-शेंदूर फासू नका.