किल्ल्याच्या आतले राज्य

तंजावूरच्या राजवाडा परिसरात, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या सावलीत, गेले काही आठवडे मी मोडी कागदांचे वाचन करीत आहे. निवृत्तीनंतर इतिहासाकडे परतलेल्या माझ्यासारख्याला याहून सुखाचा उद्योग कोणता? टिपणे मी संगणकावर घेतो. सुरुवातीला ती एका जालाधारित लेखनसेवेत टंकत असे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो, म्हणून लिप्यंतर करताना निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. त्या सेवेने माझी कित्येक अक्षरे न विचारता ‘शुद्ध’ केली आणि दोन दिवसांचे काम मला पुन्हा करावे लागले. तेव्हा प्रश्न पडला : जे यंत्र माझे लेखन सुधारते, ते माझे लेखन वाचतेही. मग वाचलेले ते कोठे ठेवते?

त्यानंतर एका तरुण स्नेह्याच्या सल्ल्याने मी ईमॅक्स हा मजकूर-संपादक घेतला. त्याचे मूळ १९७०च्या दशकातील एमआयटीच्या प्रयोगशाळेत आहे. १९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची आजची आवृत्ती मुक्त सॉफ्टवेअर म्हणून प्रसृत केली. त्याची घडण वापरणाऱ्याला वाचता येते आणि लिस्प या भाषेत बदलताही येते. साठी उलटल्यावर आयुष्यात प्रथमच मी प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या. आता एक कळ दाबली की संशयित वाचनापुढे प्रश्नचिन्ह उमटते. ठरावीक दोन अक्षरे टंकली की ‘राजमान्य राजश्री’ पूर्ण होते. हा संपादक जुन्या मजकुराची प्रत फाइलीशेजारीच ठेवतो; त्या प्रती कोठे जाव्यात, हेही मी ठरवले. खासगी पत्रांच्या फाइली जतन होतानाच कूटबद्ध होतात. परक्याने लिहिलेली जोडणी डोळे झाकून बसवली, तर ही तटबंदी आतूनच फुटू शकते, हे मात्र विसरता येत नाही.

‘तटबंदी’ हा शब्द येथे सहज सुचतो. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजी राजे (दुसरे) यांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. त्यांची सत्ता किल्ला व त्याच्या परिसरापुरती उरली. त्या मर्यादित जागेत त्यांनी ग्रंथसंग्रह वाढवला आणि देवनागरी छापखाना काढला. ‘मी सहमत आहे’ या कळीवर बोट ठेवणारा आजचा नागरिकही रोज असाच तह करतो. त्याच्या हाती उरतो तो आपल्या यंत्रातला छोटासा किल्ला.

परंतु केवळ किल्ला पुरत नाही, हेही तंजावूरच शिकवते. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले, तेव्हा कंपनीने राज्याबरोबर राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंच्या बाजूने मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही कृती राजसत्तेची असल्याने न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठरवली. सत्तेने स्वतःला नियमातून वगळले की हक्क कागदावरच राहतो.

म्हणूनच आपल्या कायद्याकडे मी थोड्या धास्तीने पाहतो. २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. पण त्याच्या १७ व्या कलमाने केंद्र सरकारला सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्याच यंत्रणांना अधिसूचनेद्वारे कायद्यातून सूट देण्याची मुभा दिली आहे. राज्याला अशी सूट कधीकधी लागते, हे मी नोकरीच्या अनुभवाने मान्य करतो. ती मुदतबद्ध, सकारण आणि न्यायालयीन तपासणीस पात्र असावी, एवढेच म्हणणे.

दुसरी सुधारणा अधिक सोपी आहे. माझ्या काळी गोपनीय टिपणीचा कच्चा मसुदा कपाटात कुलूपबंद असे. आज तोच मसुदा भाषा सुधारण्यासाठी परक्या सेवेत सहज चिकटवला जातो. शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले होते. ते खरेदीपुरते न ठेवता लिखाणाच्या टेबलापर्यंत न्यावे. प्रत्येक कारकुनाने लिस्प शिकावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक खात्यात असे दोघे-तिघे असावेत, ज्यांना आपले साधन उघडून वाचता येते, ते कोणाला काय पाठवते हे सांगता येते आणि गरज पडल्यास ती वाट बंदही करता येते.

सरस्वती महाल १९१८ मध्ये जनतेला खुला झाला, हे योग्यच झाले. आज मी वाचतो ती पत्रेही कोणाची तरी खासगीच होती; काळ लोटल्यावर, जपून आणि विचारपूर्वक ती आपल्यापर्यंत आली. आपलीही अक्षरे कधीतरी इतिहासकाराच्या हाती पडावीत. तोवर ती कोणी पाहावीत, हे ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे असावा.