कडक रबरावर रॉकेल हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

जुन्या मोटारसायकलचे कडक झालेले रबर रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे, असा सल्ला एका वाचकाने आपल्या अंकात दिला आहे. जुनी गाडी जपण्याची त्यांची तळमळ मोलाची आहे, पण या उपायाने नुकसान होते. रॉकेलने रबर फुगते, म्हणून मऊ वाटते. रॉकेल उडून गेले की रबर पुन्हा आकसते.

आमच्या तेल्हाऱ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ऊन, इंजिनची धग आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होते. आरएक्स १०० मोटारसायकलचा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड पाहा. तो चिरला की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

जोड नुसता कडक असेल, तर एक भाग गंधपुऱ्याचे तेल आणि तीन भाग जायलीन यांत भिजवावा. काम उघड्यावर, हातमोजे घालून आणि विस्तवापासून लांब करावे. दर तासाला दाबून पाहावे. लवचीक होताच साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. भेग मात्र कशानेही सांधत नाही. तिथे नवाच जोड हवा.

ब्रेकचे रबर आणि पेट्रोलची नळी कधीच भिजवून वापरू नये, बदलावीच. तिथली काटकसर जिवावर बेतते. ही सूचना कृपया ठळक छापावी.

— एक वाचक, तेल्हारा (जि. अकोला)