गुलाबी पाण्याला भुलू नका



उन्हाळ्यात कारखान्याच्या सांडपाण्याचे तळे कधी कधी गुलाबी-जांभळे दिसते. "साहेब, पाणी निवळलं, वासबी कमी झाला, आता उसाला द्यायला काय हरकत?" असे काही सभासद विचारतात. माझ्या मते हरकत आहे, आणि मोठी आहे.

हा रंग जांभळ्या गंधक-जीवाणूंचा. उसासारखाच हा जीवही उन्हावर अन्न तयार करतो. पण उसाचे पान त्यासाठी पाणी फोडते, तर हा हायड्रोजन सल्फाईड वायू वापरतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच. म्हणून ऊस प्राणवायू सोडतो, हा सोडत नाही, गंधकाचे कण पोटात साठवतो. (१९३१ साली व्हॅन नील या शास्त्रज्ञाने याच जीवाणूंवरून ताडले, की हिरव्या पानातून निघणारा प्राणवायू पाण्यातला असतो. उसाचे मर्म घाणीतल्या जीवाने सांगितले म्हणायचे!)

आता आपल्याकडे गंधकाला काय तोटा? रस स्वच्छ करायला आपण गंधकाचीच धुरी देतो. सांडपाण्यातला प्राणवायू संपला, की दुसरे जीवाणू त्यातल्या सल्फेटपासून हा वायू बनवतात आणि मग जांभळ्यांचे फावते. ते वायू खातात म्हणून वास कमी होतो. तेवढे त्यांचे उपकार मानावेत. पण गुलाबी रंगाचा अर्थ पाण्यात प्राणवायू नाही असाच होतो. असले पाणी काळ्या, निचरा नसलेल्या रानात सोडले तर उसाच्या मुळ्या गुदमरतील. जनावरांनाही ते पाजू नये.

२०२० च्या जून महिन्यात लोणारचे सरोवर गुलाबी झाले, त्याचा दाखला कोणी देतात. तो रंग खारात वाढणाऱ्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा होता.

दुसरे, तळ्यातला किंवा टाकीतला गाळ काढायला कोणीही आत उतरू नये. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो, आणि माणूस जागीच जातो.

जमिनीवर सोडायच्या पाण्याची बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. आपल्या तळ्याचा हा आकडा संचालक मंडळाने दरमहा याच पत्रिकेत छापावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर कोणाच्या पाटात रंगीत पाणी आले तर बाटलीभर नमुना चिटबॉयकडे द्यावा आणि मोटर बंद ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी