आमच्याकडे जागा नाही!

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत एक गृहस्थ दरवर्षी हटकून निघतात. चकलीचा तुकडा मोडता मोडता ते सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "कोकणात आता पूर्वीचं राहिलं नाही हो! पाण्याबरोबर गुळाचा खडा देणारी ती माणसं गेली. आता सगळा पैशाचा कारभार." ज्यांनी कोकण मोटारीच्या काचेतून पाहिलेले असते ती बाकीची मंडळी माना डोलावतात. या गृहस्थांशी माझे भांडण आहे आणि ते मी आज फराळाच्या ताटासमोरच करणार आहे.

मी डोंबिवलीकर. नोकरीतून मोकळा झाल्यावर, साठाव्या वर्षी, एकटाच सायकल घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत गेलो. यात पराक्रम काही नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून घरी आले. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या मुलीने तेच काम १५९ दिवसांत केले. त्यांच्यापुढे माझी मजल कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतचीच. पण सायकलीचा एक गुण सांगण्यासारखा आहे. मोटारवाला गावात शिरतो तो भोंगा वाजवीत. सायकलवाला येतो तो घामाघूम आणि तहानलेला. त्याला पाणी मागावेच लागते. त्यातून तो एकटा असला की घरच्यांना त्याची भीती वाटत नाही, कीव येते.

शीळ फाट्यावरून पनवेल, उरण, मग करंजाहून तरीने रेवस. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशी दर खाडीला बोट. बॅ. अंतुल्यांच्या कारकिर्दीपासून रेवस-रेडी सागरी महामार्गाची बोलणी चालली आहेत आणि आता खाड्यांवर पुलांची कामे निघाली आहेत. पूल झाले म्हणजे सोय होईल, नाही कोण म्हणतो? पण बोटीत कठड्याला टेकून उभे राहिले की शेजारचा माणूस विचारतोच, "एकटेच? रात्री कुठे टेकणार?" माझे निम्मे मुक्काम या प्रश्नातून ठरले. पुलावर मला हे कोण विचारणार आहे?

वेशवीच्या बोटीत एका मास्तरांनी केळशीतल्या आपल्या मावशीचे घर सांगितले. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी माझ्याआधी सायकलीकडे पाहिले. "ती पडवीत घ्या आधी. रात्री दव पडतं, लोखंड गंजेल." मग आडनाव, गाव, मुले किती, सुना कशा, ही सारी उलटतपासणी झाली आणि कुळथाचे पिठले व तांदळाची भाकरी पानात आली. सकाळी मी पाकीट काढले तर म्हणाल्या, "पैसे घ्यायचे असते तर बाहेर पाटी लावली असती."

आता पाटी लावणारेही काही वाईट नव्हेत. घराची डागडुजी कलमांच्या उत्पन्नातून होत नाही म्हणून त्यांनी दोन खोल्या भाड्याने दिल्या, तर आमच्या फराळवाल्या गृहस्थांच्या पोटात का दुखावे? पाटी लावलेल्या घरांतही मला गरम पाण्याबरोबर गुडघ्याला लावायला तेल मिळालेले आहे.

निघताना मावशी एवढेच म्हणाल्या, "नातू सायकलवरून नाशकाला जायचं म्हणतो. वाटेत तुमची डोंबिवली लागते ना? एक रात्र ठेवा त्याला." मी छाती पुढे काढून म्हणालो, "हे काय विचारणं झालं, मावशी!"

माघात तो मुलगा आला. फाटकावर वॉचमनने वही पुढे केली, फोटो काढला. सायकल लिफ्टने नेता येत नाही, जिन्याखाली ठेवायची तर ती सभासदाचीच हवी, आणि परका माणूस रात्री राहणार असेल तर दोन दिवस आधी अर्ज. सेक्रेटरी सौजन्याने बोलले. नियमच तसा आहे म्हणाले. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिले आहे की, आमच्या शेजारच्या कल्याण बंदरात शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठवून दिली जाण्याचा संभव असे. तेव्हा निदान राजाराजांचे भांडण होते.

पण दोष सोसायटीवर ढकलून मी सुटत नाही. वर घरात कुजबुज झाली: त्याला हॉलमध्ये झोपवायचे, तर सकाळी सुनेचे ऑफिसचे काम तिथेच चालते. आणि मी, छाती पुढे काढलेल्या माणसाने, काय केले? त्याला स्टेशनजवळच्या लॉजवर नेले, पैसे भरले आणि वर म्हणालो, "इथे तुला मोकळं वाटेल." "चालतंय हो काका," तो म्हणाला. सकाळी चहाला बोलवायला गेलो तर तो पहाटेच निघून गेला होता. मॅनेजरकडे माझ्यासाठी एक पिशवी ठेवली होती. मावशींनी पाठवलेली आमसुले.

जागा नाही, असे आपण म्हणतो. ठाण्या-डोंबिवलीच्या चाळींत दोन खोल्यांत मुंजीला आलेले पंधरा पाहुणे ओळीने झोपत, उरलेले गॅलरीत. आज माझ्याकडे खास पाहुण्यांसाठी घेतलेला सोफा-कम-बेड आहे आणि त्यावर सहा वर्षे इस्त्रीचे कपडे झोपतात! शहरात चोऱ्या होतात, चौकशी हवी, हे मला मान्य आहे. चौकशी मावशींनीही केलीच की. आणि ती संपल्यावर पान वाढले.

तेव्हा गृहस्थहो, पूर्वीचे राहिले नाही हे खरे, पण ते कोकणात नव्हे, आमच्या पत्त्यावर. जिन्याखाली पाहुण्याची सायकल ठेवू द्यावी, असा अर्ज मी वार्षिक सभेत दिला. तो पुढच्या सभेवर गेला आहे.

मार्गशीर्षात पुन्हा निघायचे आहे. वेशवीला उतरून मंडणगड-दापोलीच्या रस्त्याला लागले तर केळशी टाळता येते. पंक्चरचे सामान बांधून झाले. रस्त्याचे अजून ठरत नाही.