सांधा आधी ठरवा

१९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळाने मॉरिशसमधील हजारो गवती व पत्र्याची घरे जमीनदोस्त केली. तेव्हापासून आपल्या लोकांनी सिमेंटच्या घराचा ध्यास घेतला. पै-पै साठवून एक मजला, मुलाचे लग्न ठरले की त्यावर दुसरा. स्लॅब घालण्याचा दिवस म्हणजे घरचे कार्यच! भाऊबंद, शेजारी घमेली उचलायला येतात आणि दुपारी पंगत बसते.

आमच्याही घरी असेच झाले. निम्मा स्लॅब झाला, सर्वजण जेवायला बसले, भर उन्हात दोन तास गेले. मग उरलेले काँक्रीट तसेच पुढे ओतले. पुढे त्याच रेषेतून पावसाचे पाणी झिरपू लागले, आतल्या सळया गंजून फुगल्या, आणि एके दिवशी मुलांच्या खाटेवर ढलपा कोसळला. खाट रिकामी होती म्हणून निभावले. दोष गवंड्याला देणे सोपे होते. पण जेवायला थांबा म्हणणारे आम्हीच होतो.

आळू लागलेल्या काँक्रीटला ओले काँक्रीट आपोआप धरत नाही. सांधा पडणे वाईट नव्हे. मोठ्या कामात तो पडतोच. पण तो कोठे पडावा हे दमलेल्या हातांनी ठरवू नये, आदल्या दिवशी अभियंत्याला विचारून ठरवावे. सामान्यतः तुळईच्या मधल्या तिसऱ्या भागात तोडू पाहणारा जोर कमी असतो. सांधा तेथे घ्यावा. भिंतीच्या टेकूजवळ किंवा बाहेर काढलेल्या सज्ज्याच्या मुळाशी कदापि नको. तेथे उभी फळी लावावी, सळया मात्र तिच्यातून अखंड जाऊ द्याव्यात. उतरती पातळ कड सोडू नये.

पुढचा भाग ओतण्यापूर्वी मालकाने स्वतः वर चढून पाहावे. सांध्यावरची दुधाळ साय तारेच्या ब्रशने खरवडून खडी दिसू लागली का? धूळ धुतली का? पृष्ठभाग ओला आहे, पण पाणी साचलेले नाही ना? दुसऱ्या मजल्यासाठी गच्चीवर वर्षानुवर्षे उभ्या ठेवलेल्या सळयांचा गंजही असाच तपासावा.

आणि पंगत? ती जरूर बसवावी, पण काम संपल्यावर, नाहीतर पाळीपाळीने. स्लॅबचा मुहूर्त आपण आधी पाहतो; सांधाही आधीच पाहून ठेवू या.