बेपत्ता माणसाचा निरोप

सहायक पोलिस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचा खून ११ एप्रिल २०१६ च्या रात्री झाला. त्यानंतरही त्यांच्या मोबाइलवरून मेसेज जात होते. बाई कुठेतरी आहेत, ख्यालीखुशाली कळवत आहेत, असे वाटावे यासाठीच ते लिहिले जात होते. लिहिणारे हात मात्र दुसऱ्याचे होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आळते गावची ही मुलगी स्पर्धा परीक्षा देऊन पोलिस दलात अधिकारी झाली होती. नवी मुंबईत नेमणूक आणि कळंबोलीत घर. सांगलीत असताना वरिष्ठ अधिकारी अभय कुरुंदकर याच्याशी त्यांची ओळख झाली होती, पुढे संबंध जुळले आणि मग त्यात मारहाणही आली. जुलै २०१६ मध्ये भावाने कळंबोली पोलिस ठाण्यात तक्रार दिली. नोंद झाली ती ‘मिसिंग’ची. गायब झालेली व्यक्ती पोलिस, तक्रार घेणारे पोलिस आणि ज्याच्यावर घरच्यांचा संशय तोही पोलिस.

गुन्हा दाखल व्हायला ३१ जानेवारी २०१७ उजाडले आणि तोही अपहरणाचा. त्याच्या पाचच दिवस आधी, प्रजासत्ताक दिनी, कुरुंदकरला राष्ट्रपती पोलिस पदक जाहीर झाले होते. घरचे लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले, अधिकाऱ्यांच्या दारात बसले, वर्तमानपत्रांना कागद दाखवत राहिले. कुरुंदकरला अटक झाली ७ डिसेंबर २०१७ ला. २०१८ च्या सुरुवातीला त्याचा एक साथीदार सापडला आणि मग खुनाच्या रात्री भाईंदरच्या एका फ्लॅटमध्ये काय घडले ते बाहेर आले. मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले होते. नौदलाची मदत घेऊन खाडी धुंडाळली, पण हाती काही लागले नाही.

या सगळ्यात एका तारखेकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. त्या काळी मोबाइल कंपन्यांवर कॉलच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याचे बंधन होते. ते दोन वर्षांचे झाले डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे एप्रिल २०१६ च्या नोंदी एप्रिल २०१७ नंतर ठेवायला कंपनी बांधील नव्हती आणि अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला तेव्हा हातात जेमतेम अडीच महिने उरले होते. मृतदेह नसलेल्या या खटल्यात मोबाइलच्या ठिकाणांनी किती भार उचलला हे पाहिले, की ते अडीच महिने किती मोलाचे होते ते कळते. घरच्यांनी आणखी थोडी वाट पाहिली असती तर? हा विचार अंगावर येतो.

माणूस मारल्यावर त्याला काही काळ कागदावर जिवंत ठेवणे ही युक्ती मोबाइलपेक्षा जुनी आहे. पुण्याने ती १९७६ च्या जानेवारीत पाहिली. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपलाच सोबती प्रकाश हेगडे याला उचलले आणि आपण घर सोडून जात आहोत, अशी वडिलांच्या नावे चिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घेतली. नंतर त्याला मारून लोखंडी पिंपात घातले आणि पेशवे पार्कच्या तळ्यात सोडले. ते पिंप वर्षभराहून अधिक काळ तळाशी राहिले. तेवढ्यात याच टोळीने जोशी आणि अभ्यंकर ही दोन कुटुंबे आणि अनिल गोखले हा तरुण मिळून आणखी नऊ जणांचा जीव घेतला. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून पुणेकरांच्या अंगावर आजही काटा आणणाऱ्या या मालिकेची सुरुवात एका बेपत्ता मुलापासून झाली होती.

मुंबईतली शीना बोरा ही तरुणी एप्रिल २०१२ मध्ये दिसेनाशी झाली. तिच्या नावाने नोकरीचा राजीनामा गेला, मेसेज गेले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. तिच्या खुनाच्या खटल्यातल्या आरोपींना ते मान्य नाही. पण वाद नसलेली एक गोष्ट पुरेशी बोचरी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दजवळ जळालेल्या अवस्थेतले मानवी अवशेष सापडले होते, नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले होते आणि तरीही खुनाचा गुन्हा नोंदला गेला नाही. २०१५ च्या ऑगस्टपर्यंत कोणी त्या अवशेषांना नाव विचारले नाही.

पोलिसांची एक अडचण खरी आहे. सज्ञान माणसाला घर सोडण्याचा हक्क आहे. छळाला कंटाळून निघालेल्या बाईचा पत्ता तिच्या घरच्यांना न सांगणे, हे तर पोलिसांचे कर्तव्यच आहे. अल्पवयीन मूल हरवले तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. प्रौढांच्या बाबतीत तसे सरसकट गृहीत धरता येणार नाही. पण स्वेच्छेने गेलेली व्यक्ती जबाब देऊ शकते. पोलिसाने तिला समोर बसवून पाहावे, तिचा आवाज ऐकावा, सही घ्यावी, पत्ता गुप्त ठेवावा आणि मग खुशाल फाइल बंद करावी. तीन ओळींचा मेसेज म्हणजे जबाब नव्हे. बँकेतले पैसे हलले का, सिम कोणत्या टॉवरवर जागे झाले, सोसायटीच्या सीसीटीव्हीत शेवटचे कोण दिसले, हे पहिल्या आठवड्यातच तपासायला हवे. चित्रण पुसले जाते आणि त्यावर नवे चढते.

मृतदेह नाही म्हणून खून सिद्ध होत नाही, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात खोडून काढला होता. पनवेलच्या सत्र न्यायालयाने ५ एप्रिल २०२५ ला कुरुंदकरला दोषी ठरवले आणि २१ एप्रिलला जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करण्यात साथ देणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. तेवढा काळ त्यांनी कोठडीत आधीच काढला होता. एका आरोपीची निर्दोष मुक्तता झाली. अशा माणसाची पदकासाठी शिफारस झालीच कशी, असा सवाल न्यायालयाने केला. त्या शिफारशीच्या कागदावर सह्या आहेत, सही करणाऱ्यांना हुद्दे आहेत आणि त्यांनी या सवालाचे उत्तर लेखी द्यायला हवे.